शेजाऱ्यांचा पंप

डॉक्टरांनी आयुष्यात एकाही माणसाला गोळी दिली नव्हती, आणि माणसांच्या दृष्टीने ते बरंच झालं. त्यांचं दुकान होतं विजेच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून देण्याचं. कुरकुरणारी मोटार कुणी आणली, की ते आधी ती नुसती चालू करायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचे, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "मागचं बेअरिंग गेलंय," असं म्हणायचे. उघडून बघावं तर खरंच मागचं बेअरिंग गेलेलं असायचं. म्हणून गल्लीने त्यांना डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. गल्लीने गमतीत केली, पण त्यांनी ती पदवी मानाने स्वीकारली आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात 'केस' आणि 'पेशंट' हे शब्द आले.

त्यांच्या बायकोला मग कुणी न विचारताच डॉक्टरीणबाई करून टाकलं. खरं तर त्यांना स्वतःची नोकरी होती, तीही टेलिफोन एक्स्चेंजमधली. उभा जन्म त्यांनी कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडले. कोण कुणावर ओरडतं, कोण कुणाशी गोड बोलतं, सगळं कानावर पडायचं आणि सगळं तिथल्या तिथे गिळायचं, हा तिथला पहिला नियम. बाईंना तो इतका अंगवळणी पडला होता, की निवृत्तीनंतरही दुधवाल्याच्या घरातलं भांडण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं, तरीसुद्धा.

तर अशा या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि ती कुणी बोलायचं नाही. डॉक्टरांना ऐकू येत नव्हतं.

म्हणजे डॉक्टरांच्या मते त्यांचे कान उत्तम होते. बिघडलं होतं ते जग. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. हल्लीच्या टीव्हीचे स्पीकर भिकार असतात. दारावरची घंटा तर त्यांनी तीनदा उघडून दुरुस्त केली होती, बिचारी पहिल्यापासून ठणठणीत वाजत होती. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या, असं मुलाने एकदाच सुचवलं. त्यावर डॉक्टर उठले, पाण्याच्या मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावला, मूठ कानामागे धरली आणि म्हणाले, "बेअरिंगमध्ये कचरा आहे. तुला येतोय ऐकू? नाही ना? मग कान कुणाचे खराब?" कचरा होता, हे आणखी वाईट. हाडातून त्यांना सगळं ऐकू यायचं, फक्त हवेतून नाही. आता सगळ्या जगाशी हाडाला हाड लावून कसं बोलायचं, याचा विचार त्यांनी केलेला नव्हता.

दुकान विकल्यावर त्यांच्याकडे एकच पेशंट उरला, तो म्हणजे दारातली राखाडी गाडी. ती त्यांच्या मुलापेक्षा मोठी होती आणि मुलापेक्षा लाडकीही. तिला एकच खोड होती, तापायची. तिचा लोखंडी पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. त्यामुळे गाडी पळत असली की पंखा जोरात, आणि गाडी गर्दीत उभी राहिली, म्हणजे वाऱ्याची खरी गरज लागली, की पंखाही आळसावायचा. एकदा चढावर अशीच वाफ निघाली. बाई म्हणाल्या, "अहो, गाडी तापलीय." डॉक्टर म्हणाले, "काही तापलेली नाही, मला आवाजावरून कळतं." पुढे जे शब्दाला शब्द लागले ते इथे सांगत नाही. बाई गाडीतून उतरल्या आणि चालत घरी गेल्या. डॉक्टर त्यांच्यानंतर पोचले, तेही चालतच.

त्या दिवशी घरात तह झाला. गाडीबद्दल बाईंनी चकार शब्द काढायचा नाही, आणि बाईंच्या बहिणीबद्दल डॉक्टरांनी चकार शब्द काढायचा नाही. दोघांनी तो इतक्या इमानाने पाळला, की बघणाऱ्याला वाटावं, काय गुणी जोडपं आहे! बहीण येऊन महिनाभर राहिली, डॉक्टर दात आवळून गप्प बसले. गाडीचं दार नीट लागलेलं नसताना बाई ते हाताने धरून बाजारापर्यंत गेल्या, पण बोलल्या नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नातीचा फोन आला.

नात मुलाकडे, दुसऱ्या गावी. पियानो शिकत होती. दर रविवारी फोन समोर ठेवून आजोबांना वाजवून दाखवायची, आणि आजोबा मान डोलावून "वा वा, क्या बात है!" म्हणायचे. गेल्या खेपेस ते जरा लवकर म्हणाले. पोरगी अजून स्टुलावर बसतच होती. त्या वेळी ती काही बोलली नाही, पण नंतर बाईंना एकटीला फोन करून म्हणाली, "आजी, आजोबांना माझं वाजवणं आवडत नाही ना? ते ऐकतच नाहीत. नुसतं वा वा करतात."

ऐकतच नाहीत असं नाही गं सोने, त्यांना ऐकूच येत नाही, एवढं एक वाक्य बाईंच्या तोंडाशी आलं होतं. पण नवऱ्याचं बिंग नातीसमोर फोडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या म्हणाल्या, "येत्या रविवारी तुझा शाळेत कार्यक्रम आहे ना? आम्ही दोघं येतो. पहिल्या रांगेत बसतो. मग बघ." पहिल्या रांगेत बसवलं, तर थोडं तरी कानात शिरेल, असा त्यांचा हिशोब.

"बसने जाऊ," बाईंनी जेवताना सुचवलं. बस म्हणजे काही गाडी नव्हे, त्यामुळे तहात बसत होतं.

"बस?" डॉक्टरांनी असं तोंड केलं, जणू त्यांना कुणी ओझ्यासारखं टपावर बांधून न्यायचं म्हटलं. "घरची गाडी असताना? त्या दिवसाची गोष्ट वेगळी होती. तिच्यावर उपाय शोधून ठेवलाय मी."

उपाय दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून घरात आला. एका ठोकलेल्या नव्या गाडीच्या रेडिएटरवरचा विजेचा पंखा. भंगारवाल्याकडे ढिगाच्या तळाशी होता, डॉक्टरांनी तो स्वतः वाकून उपसून काढला आणि कंबर धरून घरी आले. काळी प्लॅस्टिकची पाती, त्यातलं एक टोकाला तुटलेलं. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, बॅटरीच्या तारा जोडल्या. पंखा सुरू झाला आणि टेबलावरून चालायला लागला. मीठदाणी पडली, टेबलक्लॉथ पात्यात गेलं, बाईंनी धावत येऊन तार ओढली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाने. "बघितलंस काय ताकद आहे?"

टेबलक्लॉथबद्दल तहात कलम नव्हतं, म्हणून त्याबद्दल बाई पुरेसं बोलल्या.

मग शुक्रवारपर्यंत अंगणात ऑपरेशन चाललं. जुना लोखंडी पंखा काढला. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, वाकवून, भोकं पाडून नवा पंखा रेडिएटरच्या मागे बसवला, एकदा तिरका, एकदा फारच जवळ, आणि शेवटी सरळ. पंखा हवा आत ओढतोय की उलटा बाहेर फेकतोय, हे बघायला त्यांनी पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद उडून बाईंच्या धुतलेल्या कपड्यांवर गेला. तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. बदलून जोडल्यावर कागद जाळीला चप्प चिकटला. मग स्क्रूड्रायव्हर लावून, मूठ कानामागे धरून त्यांनी पंख्याचा आवाजही तपासला. "लोण्यासारखा फिरतोय," म्हणाले. एवढं मात्र खरं, काम देखणं झालं होतं. बाईंना ते सांगावंसंही वाटलं, पण तह म्हणजे तह, त्यात कौतुकालाही सूट नव्हती.

वायरी जोडायच्या दिवशी कोपऱ्यावरचा गाड्यांचा वायरमन आला. त्याने सुचवलं, "डॉक्टर, टेंपरेचरचा स्विच टाकू. गाडी तापली की पंखा आपोआप चालू, गार झाली की आपोआप बंद."

"आपोआप कशाला? माझे हात काय तुटलेत? साधं बटण दे. डॅशबोर्डखाली. आणि वायर थेट बॅटरीवरून घे, म्हणजे इंजिन बंद केल्यावरही मला दोन मिनिटं पंखा चालू ठेवता येईल."

"बरं, बटण. पण मग निदान एक बारका लाल दिवा लावू समोर. पंखा चालू राहिला तर दिसेल तरी. इंजिन बंद केल्यावर विसरायला होतं हो."

डॉक्टर हसले. एखादा मोठा सर्जन कंपाउंडरकडे बघून हसतो तसं हसले. "अरे, दिवा बहिऱ्यांसाठी असतो. माझे कान आहेत की!"

वायरमनने बाईंकडे बघितलं. बाईंनी आभाळाकडे बघितलं. दिवा लागला नाही.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन मुद्दाम बाजाराच्या गर्दीत गेले. सगळे जिथे रस्ता टाळतात, तिथे जाऊन हे हौसेने अडकले. परत आले ते छाती फुगवून. काटा म्हणे अर्ध्याच्या वर गेला नाही. त्यांनी गाडी दारात लावली, किल्ली काढली, शीळ घालत हातपाय धुतले. बायकोला म्हणाले, "उद्या तुला राणीसारखी नेतो बघ." बऱ्याच महिन्यांत त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता. बाईंना बरं वाटलं.

आणि त्याच वेळी त्यांना खिडकीतून आवाज आला. घुंऽऽऽ. सलग, एका सुरात. पंखा चालू होता.

असू दे, दोन मिनिटं चालणारच म्हणाले होते, बाईंनी मनाला समजावलं. ताटं घेतली. घुंऽऽऽ. जेवण वाढलं. घुंऽऽऽ. डॉक्टर दुसऱ्यांदा वाढून घेत होते आणि गर्दीत कसे मुद्दाम पुढे गेले नाहीत ते सांगत होते. बाई पेचात पडल्या. बोलावं तर तह मोडतो, आणि एवढ्या खुशीत असलेल्या माणसाच्या तोंडावर 'तुम्हाला ऐकू येत नाहीये' असं फेकायचं. न बोलावं तर उद्याचं काय? शेवटी त्यांनी एक्स्चेंजमधली सगळी अक्कल पणाला लावली आणि तोंडाने गाडीचं नाव न घेता विचारलं, "अहो, बाहेर कसलातरी आवाज येतोय का?"

डॉक्टरांनी मान जराशी तिरकी केली, क्षणभर थांबले, आणि ठासून म्हणाले, "येतोय की. शेजाऱ्यांचा पंप."

शेजारी आठवडाभर गावाला गेलेले होते. दाराला भलं मोठं कुलूप.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐकू येत नाही म्हणाला असता हा माणूस, तर त्या उठून, तह बिह गुंडाळून, स्वतः जाऊन बटण बंद करून आल्या असत्या. पण ऐकू आल्याचं सोंग? वर पंपही जोडला! आता नाहीच बोलणार. मरू दे, चालू दे पंप. त्यांनी ताटं अशी आपटून घासली, की ते मात्र डॉक्टरांनासुद्धा ऐकू गेलं. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. शेजाऱ्यांचा पंप," बाई म्हणाल्या.

अंथरुणं घालेपर्यंत आवाज बदलला. सूर खाली खाली उतरत गेला, पंखा दमल्यासारखा झाला आणि गप्प पडला. हं, म्हणजे गार झाल्यावर आपोआप थांबतो तर, बाईंना वाटलं. वायरमनने शेवटी चोरून तो स्विच टाकलाच असणार, शहाणा माणूस. उगीच नवऱ्यावर चिडलो, असं स्वतःला बोल लावून त्या गाढ झोपल्या.

सकाळी बाई ठेवणीतले कपडे घालून गाडीत बसल्या. नातीसाठी नेलेला डबा मांडीवर. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. गाडीने 'टक' एवढंच उत्तर दिलं. पुन्हा फिरवली. तेही उत्तर आलं नाही.

"थंडीने झालं असेल," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. मग भंगारवाला चोर निघाला, मग बॅटरीवाला. स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेट उघडलं, इकडे टेकवला, तिकडे टेकवला. मेलेल्या बॅटरीत ऐकायचं काय? घड्याळ पुढे सरकत होतं. ते परत येऊन सीटवर बसले आणि गुडघ्याला काहीतरी लागलं म्हणून खाली वाकून बघितलं. बटण चालू होतं.

त्यांनी ते खट्कन बंद केलं.

"हा कालपासून चालू होता?"

"झोपेपर्यंत."

"तुला ऐकू येत होता?"

"येत होता."

"मग सांगितलं का नाहीस?" त्यांचा आवाज चढला. "पोरगी वाट बघतेय तिकडे! तोंड नव्हतं तुला?"

"तह होता," बाई म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "आणि मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्हालाही येत होता की ऐकू. शेजाऱ्यांचा पंप."

डॉक्टरांनी शेजारच्या दाराकडे बघितलं. कुलूप तिथेच होतं. एरवी या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं निदान तयार असायचं. आज काही नव्हतं. बाईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना रडू आलं, आणि त्याचाच राग आला.

वायरमनला उठवून, त्याच्या गाडीवरून तारा लावून राखाडी गाडी सुरू करेपर्यंत ऊन चढलं. त्याने फक्त बटणाकडे एकदा बघितलं आणि तो सभ्यपणे खोकला. रस्ताभर गाडी एकदासुद्धा तापली नाही. पंखा काय, फर्स्ट क्लास! घाट संपला, गावातली गर्दी संपली, आणि ते पोचले तेव्हा कार्यक्रमही संपला होता.

मुलाच्या घरी नात निळा फ्रॉक घालून कोचावर बसली होती. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या तिने स्वतः रिबीन बांधून धरून ठेवल्या होत्या, असं सुनेने हळूच सांगितलं. आजोबांकडे न बघता पोरगी म्हणाली, "तुम्हाला यायचंच नव्हतं."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. पोरीचे ओठ वाचता आले असावेत, किंवा चेहरा. काही का असेना, या वेळी डॉक्टरांना कळलं.

"आता वाजव," डॉक्टर म्हणाले. "माझ्यासाठी."

"तुम्ही वा वा करणार."

"नाही करणार."

कुरकुरत ती पियानोपाशी जाऊन बसली. डॉक्टर उठले, तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले, गुडघे कडकड वाजले. कोटाच्या खिशातून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. मुलगा म्हणाला, "बाबा, अहो पॉलिश आहे त्याला!" त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही. टोक पियानोच्या लाकडावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

नात आधी फिस्सकन हसली. मग वाजवायला लागली.

डॉक्टर हलले नाहीत. मान डोलावली नाही, वा म्हटलं नाही. नुसता चेहरा बदलत गेला. गेलं वर्षभर ज्याचं भरमसाट कौतुक केलं ती वस्तू काय आहे, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. पोरगी थांबली तरी ते तसेच होते. बाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"शेवटाच्या जरा आधी," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "एका ठिकाणी अडखळलीस. उजवा हात पुढे गेला, डावा मागे राहिला. तेवढं पुन्हा वाजव."

नात त्यांच्याकडे बघतच राहिली. मग आईकडे वळून ओरडली, "आई, टीचरनी तेच सांगितलं होतं! आजोबांनी ऐकलं! खरंच ऐकलं!" आणि तेवढं तिने पुन्हा वाजवलं, मग आणखी एकदा, मग सगळंच पहिल्यापासून. पियानोवर बारीक ओरखडा पडला तो पडलाच. मुलगा अजून त्यावरून बोलतो.

परतताना गावाबाहेरच्या सिग्नलला गाडी उभी राहिली. समोर ट्रक, मागे ट्रक, वरून ऊन. डॉक्टरांचा हात डॅशबोर्डखाली गेला, बटण दाबलं. मग ते थांबले. रस्त्याकडेच बघत, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "चालू झाला का गं?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. तह मोडला होता, आणि त्यांनी मोडलेला नव्हता.

"झाला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या वायरमनला सांगून एक दिवा लावून घ्या."

"दिवा कशाला? तू आहेस की."

असं काही हा माणूस गेल्या कैक वर्षांत बोलला नव्हता, त्यामुळे बाई जरा विरघळल्या. पण जराच. त्या त्यांच्या बाजूला वळल्या आणि म्हणाल्या, "मी काही तुमच्या गाडीचा दिवा नाही. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"काय?"

"कानाच्या डॉक्टरकडे!" बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या, की पुढच्या ट्रकवाल्याने आरशात बघितलं.

डॉक्टरांनी ट्रककडे बघितलं, सिग्नलकडे बघितलं, पुन्हा एकदा बटण चाचपून पाहिलं.

"जाऊ," ते म्हणाले. "पण बसने."